वडिलांच्या नावाचे बिल्ले, पत्नीच्या नावाचे दूध : गायीच्या दुधाचे अनुदान नेमके कोठे अडले?

सांगोल्याचा दूध उत्पादक (प्रश्न)

नमस्कार. सांगोला तालुक्यातील एका वाडीवर आमचे घर आहे. चार एकर जमीन असून त्यातील दीड एकरावर डाळिंब होते. तेल्या रोगाने त्यातील निम्मी झाडे गेली. उरलेल्या जमिनीत मका आणि कडवळ करतो, आणि घरखर्च खऱ्या अर्थाने चालतो तो पाच एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायींवर. त्यांपैकी चार दुभत्या आहेत. दोन्ही वेळचे मिळून ३८ ते ४० लिटर दूध संकलन केंद्रावर जाते आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो.

राज्य शासनाने २०२४ मध्ये गायीच्या दुधाला लिटरमागे अनुदान दिले. त्यातील ११ जानेवारी ते १० मार्च या साठ दिवसांचे, लिटरला पाच रुपयांप्रमाणे, अनुदान आम्हाला व्यवस्थित मिळाले. त्या वेळी रोजचे सरासरी ३६ लिटर दूध होते आणि १०,८०० रुपये दोन हप्त्यांत वडिलांच्या खात्यावर जमा झाले. मे महिन्यात वडील गेले. जूनमध्ये दुधाचे खाते मी पत्नीच्या नावावर करून घेतले, कारण पहाटेची आणि संध्याकाळची धार तीच काढते, वैरणपाणी तीच पाहते, आणि दुधाचा पैसा तिच्या हाती पडावा असे वडीलही नेहमी म्हणत.

त्यानंतर १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळासाठी पाच रुपये आणि १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर या काळासाठी सात रुपये अनुदान होते. माझ्या वहीतील लिटरच्या नोंदींप्रमाणे पहिल्या काळाचे १७,४८० आणि दुसऱ्या काळाचे १७,०८०, असे एकूण ३४,५६० रुपये आम्हाला मिळायला हवेत. यातील एक रुपयाही आलेला नाही. केंद्रावर विचारले तर यादी वर पाठवली आहे असे सांगतात. दुग्धव्यवसाय विभागाच्या कार्यालयात गेलो तेव्हा दूध प्रकल्पाकडून (केंद्राचे दूध घेणाऱ्या डेअरीकडून) आलेल्या माहितीत त्रुटी असेल, तिकडे चौकशी करा असे सांगण्यात आले. आणि बँकेतील साहेब म्हणतात की असे काही जमाच झालेले नाही. तीन ठिकाणच्या फेऱ्यांत कामाचे सहा दिवस गेले. पेंडीच्या दुकानाची उधारी आम्ही या रकमेच्या भरवशावर वाढवली होती, म्हणून जीव टांगणीला लागला आहे.

आमच्या गायींच्या कानांतील बिल्ले वडिलांच्या नावावर नोंदलेले आहेत आणि दूध पत्नीच्या नावावर जाते. अडचण हीच असेल काय? आणि तसे असेल तर दुधाचे खाते तिच्या नावावरून काढून माझ्या नावावर करावे काय? ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

मोहोळ, गावच्या दूध संस्थेचा सचिव

दादा, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटले.

मी अकरा वर्षे संस्थेचे दप्तर सांभाळतो आणि २०२४ मधील तिन्ही वेळच्या याद्या मी स्वतः भरल्या आहेत, त्यामुळे पैसा कोणत्या वाटेने येतो ते सांगतो. शेतकऱ्याने स्वतः कोठे अर्ज करायचा नव्हता. ज्या प्रकल्पाला दूध जाते, मग तो सहकारी असो वा खासगी, त्याने प्रत्येक उत्पादकाचे नाव, आधार क्रमांक, बँक खाते, गायींच्या बिल्ल्यांचे क्रमांक आणि त्या काळात घातलेले दूध ही माहिती भरून द्यायची होती. ती जिल्हा दुग्धव्यवसाय विकास अधिकाऱ्यांकडे जाते, तेथे तपासणी होते आणि मंजुरीनंतर रक्कम थेट उत्पादकाच्या खात्यावर पडते. म्हणजे आपण बँकेत जाऊन विचारणे हे शेवटच्या पायरीवर विचारण्यासारखे आहे. गाडी बहुधा पहिल्याच पायरीवर अडलेली असते.

आता माझ्या अनुभवातील एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे माझ्याच गावातील चौदा जणांचे पैसे लांबले होते आणि ती चूक माझी होती. बिल्ल्याचा क्रमांक बारा अंकी असतो आणि आधार क्रमांकही बारा अंकीच असतो. संगणकावर तक्ता भरताना रकाना मजकुराचा न करता साधाच ठेवला, तर बारा अंकी आकडा आखडून ‘१.०५ई+११’ अशा रूपात दिसू लागतो. भरणाऱ्याला वाटते की रकाना अरुंद आहे म्हणून असे दिसते. पण तशीच फाइल दुसऱ्या स्वरूपात साठवून पाठवली की मागचे अंक कायमचे जातात आणि वर पोहोचते ती अर्धवट संख्या. तिचा मेळ कोणत्याही गायीशी बसत नाही. जे उत्पादक जुने आहेत त्यांचे क्रमांक आधीच्या यादीतून जसेच्या तसे उचललेले असतात, म्हणून ते सुटतात. घोटाळा होतो तो नव्याने घातलेल्या नावांचा, आणि आपल्या पत्नीचे नाव जूनमध्ये नव्याने आलेले आहे.

त्यामुळे केंद्रावर जाऊन ‘पैसे का आले नाहीत’ असे विचारू नका. ‘पाठवलेल्या यादीतील आमची ओळ छापून द्या’ असे म्हणा. आधार, खाते, बिल्ले आणि लिटर हे चारही रकाने आपल्या कागदांशी एकेक अंक बोट ठेवून ताडून पाहा. सोबत जुलै ते नोव्हेंबरच्या दहा-दहा दिवसांच्या पगाराच्या पावत्या ठेवा. पावत्या नसतील तर उतारा मागा. तो देणे केंद्राला अवघड नाही. वहीतील आकडा आपल्यासाठी ठीक आहे, पण पुढे कोणी ग्राह्य धरेल तो पावतीवरचा.

पशुधन पर्यवेक्षक, माळशिरस

सचिवांनी सांगितले ते बरोबर आहे, परंतु बिल्ल्यांच्या मालकीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो सोडवल्याशिवाय राहू नका. अनुदानासाठी उत्पादकाचे बँक खाते त्याच्या आधारशी आणि जनावराच्या बिल्ल्याशी जोडलेले असावे ही अट पहिल्यापासून होती. बिल्ला वडिलांच्या आधारवर आणि दूध सूनबाईंच्या नावावर असेल, तर तपासणारा माणूस कितीही सहानुभूतीचा असला तरी कागदावर त्याला दोन अनोळखी माणसे दिसतात.

आपण आधी एक काम करा. उद्या सकाळी धार झाल्यावर, गायी दावणीला शांत असताना, ओल्या फडक्याने प्रत्येक बिल्ला पुसून घ्या आणि त्यावरील बारा अंक कागदावर लिहा. मोबाइलवर फोटोही काढा. शेणामातीने तीनचा आठ आणि एकचा सात दिसतो, आणि गायीने कान झटकला की लिहिणारा अंदाजाने अंक टाकतो, हे मी शेकडो गोठ्यांत पाहिले आहे. मग ते क्रमांक घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. ‘भारत पशुधन’ या प्रणालीवर क्रमांक टाकताच कोणती गाय कोणाच्या नावावर आहे ते दिसते आणि मालकी बदलण्याची नोंदही तेथेच होते. वडिलांचा मृत्यूचा दाखला, आपले व सूनबाईंचे आधार आणि मोबाइल सोबत असू द्या.

बाजारातून घेतलेली एखादी गाय आहे काय? असल्यास ती हमखास तपासा. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात व्यवहार तासाभरात होतो, दावे हातात येते, पण बिल्ला जुन्या मालकाच्याच नावावर राहतो. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला बंदी झाल्याने बिल्ला आता असतोच, परंतु बिल्ला असणे आणि तो आपल्या नावावर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लस टोचताना आम्ही नाव विचारतो तेव्हा घरात जो असेल तो आपले नाव सांगतो, त्यामुळे एकाच दावणीच्या गायी तीन नावांवर निघतात. यात शेतकऱ्याचा दोष नाही. त्या वेळी या नावावर पैसे अवलंबून असतील असे कोणालाच माहीत नव्हते.

माढ्याची दूधवाली

दादा, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देते : दुधाचे खाते वहिनींच्या नावावरून काढू नका. कागद दुरुस्त होत असतात, पण एकदा काढलेले नाव पुन्हा लागत नाही. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षे झाली. त्यातील पंधरा वर्षे मी काढलेल्या दुधाचा पगार सासऱ्यांच्या नावावर निघत होता आणि गोळी पेंडीचे पोते संपले हे सांगायलाही मला दुसऱ्याचे तोंड पाहावे लागे. नाव माझे झाल्यावर पहिल्या पगारातून मी कासदाहावरची नळी आणून घरात ठेवली, कारण गायीचे सड सुजले आहे हे धार काढणाऱ्या हाताला आधी कळते. त्यामुळे बिल्ले वहिनींच्या नावावर आणा. वहिनींचे नाव बिल्ल्यांमागे नेऊ नका.

आता बँकेबद्दल. खाते आधारशी ‘जोडलेले’ आहे असे बँकेत सांगतात तेव्हा त्याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे ओळख पटवण्यासाठी आधारची प्रत दिलेली आहे. दुसरा म्हणजे शासनाचे आधारवर येणारे पैसे याच खात्यात पडावेत अशी नोंद झालेली आहे. ही दुसरी नोंद एका आधारला एकाच बँकेत राहते, आणि नवीन खाते उघडताना तेथे संमतीची सही केली की ती जुन्या बँकेतून निघून नव्या बँकेत जाते. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेसाठी आमच्या गावातील निम्म्या बायकांनी पोस्टात खाती उघडली. वहिनींनीही उघडले होते काय, हे त्यांनाच विचारा. तसे असल्यास दुधाचा पगार जुन्या खात्यात येत राहील, पण आधारवर येणारी कोणतीही रक्कम पोस्टात जाईल, आणि आपण जुन्या पासबुकात शोधत बसाल. आधारच्या संकेतस्थळावर क्रमांक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी टाकला की सध्या कोणती बँक जोडलेली आहे ते लगेच दिसते. मोबाइल आधारला लावलेला असला पाहिजे, एवढेच.

पंढरपुरी म्हशी पाळणाऱ्या माझ्या माहेरच्या लोकांचा या चर्चेत संबंध नाही, कारण अनुदान फक्त गायीच्या दुधाला होते. तरीही त्यांच्या वतीने ही खंत येथे नोंदवून ठेवते. पेंड त्यांनाही त्याच भावाने घ्यावी लागते.

अक्कलकोट, सीमेजवळचा शेतकरी

वरील तिघांनी वाट दाखवली आहे. मला लिहायचे आहे ते पावत्यांबद्दल, कारण आपण पावत्या काढणारच आहात तर त्यावरील दरही नीट पाहा.

या अनुदानाला एक अट होती आणि ती अनुदानाच्या रकमेपेक्षा महत्त्वाची होती. जुलै ते सप्टेंबर या काळात ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातील इतर घन घटकांच्या) दुधाला प्रकल्पाने किमान ३० रुपये द्यायचे आणि शासनाने वर ५ रुपये द्यायचे, असे मिळून ३५ रुपये ठरले होते. ऑक्टोबरपासून अनुदान ७ रुपये झाले तेव्हा आमच्या गावात लोकांना आनंद झाला. परंतु त्याच निर्णयात प्रकल्पाने द्यायचा दर ३० वरून २८ रुपयांवर आला. बेरीज ३५ चीच राहिली. दोन रुपये वाढले ते शासनाचे आणि दोन रुपये हलके झाले ते प्रकल्पाचे ओझे. शेतकऱ्याच्या लिटरमागे काहीच वाढले नाही. उलट दर दहा दिवसांनी रोख हाती येणारे दोन रुपये कमी झाले आणि ते पुढे कधीतरी येणाऱ्या रकमेत गेले. ज्याच्या अनुदानाची यादी अडली, त्याला ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये प्रत्यक्षात २८ रुपयेच पडले. आपले १७,०८० रुपये अडले आहेत याचा अर्थ आपल्या दुधाच्या ठरलेल्या भावातील पाचवा हिस्सा अडला आहे. म्हणून याला मदत किंवा उपकार समजून गप्प बसू नका. हा विकलेल्या मालाच्या किमतीचाच भाग आहे.

पावतीवर गुणप्रतही पाहा. प्रत कमी भरल्यास प्रति पॉइंट, म्हणजे दर ०.१ मागे, ३० पैसे कपात धरलेली होती. म्हणजे २८ रुपयांच्या काळात दूध ३.४ आणि ८.४ लागले असेल तर दोन्हींचा एकेक पॉइंट धरून ६० पैसे जातील आणि २७ रुपये ४० पैसे दर निघेल. त्याहून कमी दर लावलेला दिसला तर तो हिशेब वेगळा मागा. पावसाळ्यात हिरव्या चाऱ्यावर एचएफ गायीचे फॅट उतरते हे खरे आहे, पण सलग पाच महिने सकाळ-संध्याकाळ एकच आकडा छापलेला असेल तर यंत्राबद्दल विचारणे आपला हक्क आहे.

थेट खात्यात पैसे देण्याची पद्धत मला मुळात योग्य वाटते आणि तिच्यातील अडचणींमुळे ती बंद व्हावी असे मी म्हणणार नाही. २०१८ मध्ये दूध आंदोलनानंतर जे पाच रुपये देण्यात आले ते प्रकल्पांमार्फत होते. शेतकऱ्याला २५ रुपये दर मिळावा आणि अनुदान प्रकल्पाने घ्यावे अशी ती रचना होती. त्यात शेतकऱ्याला स्वतःचे अनुदान वेगळे दिसतच नव्हते. आता निदान ३४,५६० रुपये अडले आहेत हे आपण आकड्यानिशी सांगू शकता. आमच्या शिवारापलीकडे आळंद आणि अफझलपूर तालुक्यांत कर्नाटकचे उत्पादक सहकारी संस्थेला दूध घालतात. त्यांना प्रोत्साहनाची रक्कम २००८ पासून मिळत आली आहे. सुरुवातीला ती लिटरला दोन रुपये होती, पुढे पाच रुपये झाली. त्यांचेही हप्ते मागेपुढे होतात, पण योजना दर वर्षी नव्याने जाहीर होण्याची वाट पाहावी लागत नाही. आपल्याकडे अनुदान भाव कोसळल्यावर काही महिन्यांपुरते येते, म्हणून प्रत्येक वेळी यादी नवी, भरणारा नवा आणि चुकाही नव्या असतात. मला खरा दोष येथे दिसतो.

तक्रारीचे म्हणाल तर तोंडी विचारणे थांबवा. जे द्याल ते लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून, आपल्या नावाची यादी कोणत्या तारखेला आली, तीत कोणती त्रुटी निघाली आणि ती प्रकल्पाला कधी कळवली एवढेच विचारा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. याशिवाय जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, परंतु त्यासाठी विहित नमुन्यातील अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. थेट त्या दिवशी जाऊ नका, सोलापूरची फेरी वाया जाईल.

सांगोल्याचा दूध उत्पादक

आपण सर्वांनी जो वेळ दिला त्याबद्दल मनापासून आभार. बारा दिवसांत जे झाले ते कळवतो.

बिल्ले पुसून क्रमांक लिहिले आणि दवाखान्यात गेलो. चार दुभत्या गायींपैकी दोन वडिलांच्या नावावर निघाल्या. तिसरी दोन वर्षांपूर्वी बाजारातून घेतलेली. ती अजून जत तालुक्यातील मूळ मालकाच्या नावावर होती. चौथी घरचीच कालवड, गेल्या वेताला दुधात आलेली. लाळ्या-खुरकुताची लस द्यायला माणसे आली तेव्हा मी शेतात होतो आणि पत्नीने स्वतःचे आधार दिले होते, त्यामुळे ती एकटी बरोबर निघाली. वडिलांच्या नावाच्या दोन्ही गायींची मालकी त्याच दिवशी पत्नीच्या नावावर झाली. तिसरीसाठी मूळ मालकाला फोन केला; त्यांनी कसलीही खळखळ न करता सहकार्य केले आणि चार दिवसांनी तीही नोंद झाली. गाभण असलेल्या पाचवीचा बिल्ला कान फाटून पडलेला होता, तिला नवा बसवून घेतला.

माढ्याच्या ताई, आपला अंदाज खरा निघाला. पत्नीने मागच्या वर्षी पोस्टात खाते उघडले होते आणि आधारची नोंद तिकडेच गेलेली आहे. पोस्टाच्या पुस्तकात नोंदी करून आणल्या. त्यात लाडकी बहीणचे हप्ते आहेत, दुधाचे काही नाही. म्हणजे पैसे दुसरीकडे गेलेले नाहीत, निघालेलेच नाहीत. दुधाचे खाते मात्र तिच्याच नावावर राहील. आपला मजकूर मी तिला वाचून दाखवला, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही आणि नंतर म्हणाली की तिला एकदा आपल्याशी बोलायचे आहे.

सचिव साहेब, केंद्रावर आपण सांगितले तसेच म्हणालो. आधी टाळाटाळ झाली, पण तिसऱ्या दिवशी तेथील मुलाने यादी छापून दिली. आमच्या ओळीत बिल्ल्याच्या रकान्यात आपण लिहिला तसाच आखडलेला आकडा छापलेला होता. आधारचा रकाना बरोबर होता. मग मी पूर्ण पान पाहिले. जूननंतर नव्याने घातलेली नऊ नावे आहेत आणि नऊंपुढेही तसेच आहे. त्यांतील पाच विधवा भगिनी आहेत, ज्यांच्या नावावर खाते पतीच्या निधनानंतर आले. त्यांच्यापैकी कोणीही अद्याप केंद्रावर विचारायला गेलेले नव्हते. अनुदान बंद झाले असावे असे त्यांना वाटत होते.

त्या मुलाला दोष द्यावा असे मला वाटले नाही. त्याने त्याच संध्याकाळी नऊ जणांचे क्रमांक माझ्यासमोर पुन्हा भरले. मी बिल्ला वाचत होतो, तो टाइप करत होता आणि दर ओळीनंतर आम्ही उलट वाचून ताळा करत होतो. दुरुस्त यादी प्रकल्पाच्या पत्रासह कार्यालयात दिली असून पोच माझ्याकडे आहे. दराचा हिशेब अजून पूर्ण झालेला नाही. ऑक्टोबरच्या दोन पावत्यांवर २८ पेक्षा कमी दर आहे, पण प्रतही ३.३ लागलेली दिसते, त्यामुळे अक्कलकोटच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे पॉइंट मोजून मगच बोलेन.

पैसे अजून आलेले नाहीत. लोकशाही दिनाचा अर्ज नऊ जणांच्या वतीने एकत्र देता येतो की प्रत्येकाचा स्वतंत्र द्यावा लागतो, हे कोणाला माहीत असल्यास सांगावे. पंधरा दिवसांची मुदत येत्या शुक्रवारी संपते.

मोहोळ, गावच्या दूध संस्थेचा सचिव

स्वतंत्र द्या. अर्ज वैयक्तिक तक्रारीचा धरतात, एकत्रित निवेदन बाजूला पडण्याची भीती असते. मजकूर एकच ठेवून नाव, आधारचे शेवटचे चार अंक, लिटर आणि रक्कम बदला, आणि प्रत्येकासोबत चुकीच्या यादीचे पान व दुरुस्त यादीचे पान अशी दोन्ही जोडा. त्या पाच भगिनींपैकी ज्यांना सोलापूरला येणे जमणार नाही त्यांच्या सह्या गुरुवारीच घेऊन ठेवा. मी शुक्रवारी माझ्या कामासाठी सोलापुरात आहे. सकाळी अकरा वाजता कार्यालयाच्या फाटकाशी भेटलात तर अर्ज एकदा नजरेखालून घालतो.